न नासणारं, ते टिकाऊ?

बार्शी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांशी आहाराबद्दल बोलायला गेलो होतो. फळ्यावर 'शाश्वत आहार' असं लिहिलं आणि विचारलं, हे वाचून डोळ्यांपुढे काय येतं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या ओळीतून एक आजी म्हणाल्या, "शाश्वत म्हणजे देवाचं नाव. बाकी सगळं नाशवंत." कीर्तनात ऐकलेला शब्द, आणि अर्थही त्यांनी अगदी बरोबर सांगितला होता. मी तो शब्द पुसून 'टिकाऊ आहार' लिहिलं. आता मात्र भराभर उत्तरं आली : पापड, कुरडया, सांडगे, लोणचं, शेंगदाण्याची चटणी. कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, "बिस्किटाचा पुडा. सहा महिने काही होत नाही त्याला."

गेल्या काही वर्षांत अनेक देशांच्या सरकारांनी आपल्या नागरिकांना 'पृथ्वीला झेपेल असं खा' हे सांगायचा प्रयत्न केला आहे. त्या प्रयत्नांविषयी वाचताना मला दर वेळी तो फळा आठवतो. सल्ला शास्त्रशुद्ध असणं आवश्यक आहेच. पण तो ऐकून माणसाच्या डोळ्यांपुढे कोणतं ताट उभं राहतं, त्यावर सल्ल्याचं पुढे काय होणार हे ठरतं. ताटाऐवजी बिस्किटाचा पुडा उभा राहिला, तर सगळी मेहनत वाया.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९८६ साली जोन गसो आणि केट क्लॅन्सी या दोन अमेरिकी आहारतज्ज्ञ बायकांनी एक लेख लिहिला. सरकारी आहारसल्ला माणसाच्या शरीरापुरताच का थांबतो, असा त्यांचा प्रश्न होता. अन्न पिकवणारी माती, पाणी आणि शेतकरीच उद्या उरले नाहीत, तर आज दिलेला सल्ला उद्या पाळणार कोण आणि कशाच्या जोरावर? गसोबाई कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात शिकवत आणि हडसन नदीकाठच्या आपल्या परसात स्वतःची भाजी पिकवत. त्या काळी त्यांचं म्हणणं फार थोड्यांनी मनावर घेतलं. पुढे २०१० साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं रोमच्या परिषदेत शाश्वत आहाराची व्याख्या केली. निसर्गावर ओझं कमी, आजच्या आणि उद्याच्या पिढ्यांना पोषण, लोकांच्या चालीरीतींना धरून आणि खिशाला परवडणारा, असा तिचा आशय. व्याख्या चांगली आहे, पण ती फळ्यावर लिहिली असती तरी आमच्या सभेत शांतताच पसरली असती.

शब्दाची ही अडचण एकट्या मराठीची नाही. स्वीडिश भाषेत शाश्वततेसाठी 'हॉलबार' हा शब्द आहे, आणि खाण्याची वस्तू किती दिवस टिकेल हे सांगतानाही तोच वापरतात. म्हणजे आपल्या 'टिकाऊ'सारखंच. जर्मन शब्द 'नाखहाल्टिग' जंगलातून आला. १७१३ साली सॅक्सनीतल्या खाणींचा कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स यांनी वनशेतीवरच्या ग्रंथात लिहिलं, की जेवढं लाकूड पुन्हा वाढेल तेवढंच तोडा. झाड डोळ्यांना दिसतं, तोडलं की खुंट दिसतो, म्हणून ही गोष्ट पटकन समजते. ताटातल्या घासामागचा खुंट मात्र कुणालाच दिसत नाही.

तो दिसत नाही म्हणून लोक काय धरून चालतात, याचा अभ्यास झाला आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात एमा ली आणि अँथनी वर्स्ले यांनी लोकांना विचारलं, खाण्यापिण्यातून पर्यावरणाला मदत करायची तर सगळ्यांत महत्त्वाचं काय? २००८ साली प्रसिद्ध झालेलं उत्तर असं : वेष्टन कमी करणं सर्वांत महत्त्वाचं, मांस कमी करणं सर्वांत कमी महत्त्वाचं. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये सहा हजारांवर लोकांची पाहणी झाली, तिथेही वेष्टन वर आणि मांस तळाला.

प्रत्यक्षातला हिशेब जवळजवळ उलटा आहे. ऑक्सफर्डचे जोसेफ पूर आणि स्वित्झर्लंडचे थॉमस नेमेचेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची आकडेवारी एकत्र केली आणि २०१८ साली ती मांडली. अन्नामुळे वातावरणात उष्णता अडवणारे जे उष्मावायू जातात, त्यांत वाहतुकीचा वाटा साधारण ६ टक्के आणि वेष्टनाचा ५ टक्के निघाला. मोठा वाटा शेताच्या बांधाच्या आतला, आणि शेतासाठी तोडलेल्या जंगलांचा. मांसासाठीच पाळलेल्या गुरांच्या मांसातून १०० ग्रॅम प्रथिनं मिळवायची, तर सरासरी सुमारे ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो. तेवढीच प्रथिनं वाटाण्यातून मिळाली, तर अर्धा किलोही नाही.

एवढा फरक का पडतो? गाय-म्हैस, शेळी-मेंढी ही रवंथ करणारी जनावरं. आपल्याला न पचणारं गवत ती पचवतात, कारण त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव ते आंबवत असतात. या आंबवण्यात मिथेन तयार होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसहून अधिक पटींनी उष्णता अडवतो. तुंबलेल्या पाण्यातल्या भाताच्या खाचरात, हवा न मिळणाऱ्या चिखलात, असेच सूक्ष्मजीव तोच वायू तयार करतात. प्लॅस्टिकची पिशवी हातात येते, कचऱ्याच्या डब्यात पुन्हा दिसते, नाल्यात अडकलेली दिसते. मिथेनला रंग नाही आणि वास नाही. लोक चुकतात याचं मला नवल वाटत नाही. जे दिसतं त्यावरून माणूस अंदाज बांधतो.

अंतराचंही तसंच. 'आपल्या भागातलं खा' हा सल्ला सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो. त्यात शेतकऱ्याची ओळख आहे, ताजेपणा आहे. पण उत्तर युरोपात भर हिवाळ्यात तेल-वायू जाळून तापवलेल्या काचघरातला टोमॅटो जवळचा असूनही, स्पेनच्या उन्हात पिकून ट्रकनं आलेल्या टोमॅटोपेक्षा जास्त भार टाकू शकतो. अंतरापेक्षा मोसम मोठा, आणि मोसमापेक्षाही वस्तू कोणती हे मोठं.

या चुकीच्या पायरीवरून एक सरकारही घसरलं. स्वीडनच्या राष्ट्रीय अन्न संस्थेनं २००९ साली पर्यावरणाचा विचार करून आहारसल्ल्याचा मसुदा तयार केला आणि युरोपीय आयोगाकडे पाठवला. त्यात जवळपास पिकलेल्या मालाला पसंती द्या, असं सुचवलं होतं. आयोगानं हरकत घेतली : एका सदस्य देशाचं सरकार आपल्या नागरिकांना शेजारच्या देशाचा माल टाळायला सांगत असेल, तर खुल्या व्यापाराला बाधा येते. २०१० मध्ये मसुदा मागे घेतला गेला. लोकांना जो मुद्दा सहज पटत होता त्यावरच सल्ला अडला, आणि ज्यात खरा फरक पडणार होता तो मुद्दाही त्याच्याबरोबर पाच वर्षं अडकून राहिला.

२०१५ साली स्वीडननं पुन्हा सल्ला काढला, आणि या वेळी लिहिणाऱ्यांनी कमाल केली. सगळा सल्ला एका पानावर, तीन रांगांत : हे जास्त खा, याच्याऐवजी ते घ्या, हे कमी करा. लाल आणि प्रक्रिया केलेलं मांस आठवड्याला शिजवलेलं ५०० ग्रॅमच्या आत. भाज्या खा म्हणताना कोणत्या, तेही सांगितलं. कोबी, गाजर, कांदा, कंदमुळं, शेंगावर्गातलं धान्य या राकट भाज्या घ्या. त्यांत तंतू भरपूर, त्या पिकवायला भार कमी, आणि त्या टिकतात. सॅलडची नाजूक पानं चार दिवसांत सडतात आणि फेकली जातात. तळघरातल्या कोबीपाशी 'हॉलबार'चे दोन्ही अर्थ एकमेकांना येऊन मिळाले.

आता आमच्या सभेतल्या बायकांच्या उत्तरांकडे पुन्हा पाहा. उन्हात वाळवलेले सांडगे, कुरडया, गवारीच्या वाळवलेल्या शेंगा यांना ना वीज लागते ना फ्रीज. हंगामात भरमसाट येणारा माल मातीमोल होण्याऐवजी वर्षभर पुरतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशेबानं २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६३ कोटी टन घराघरांतून गेलं. जे फेकलं त्यासाठीही पाणी गेलं, खत गेलं, डिझेल जळलं. तेव्हा फोडणीची पोळी आणि कुस्करलेली शिळी भाकरी या गोष्टीही या प्रकरणाचाच भाग आहेत. त्या बायका निम्म्याहून अधिक बरोबर होत्या. चूक फक्त बिस्किटाच्या पुड्यापाशी होती, आणि त्या चुकीवर ज्या देशानं सगळ्यांत जास्त विचार केला, तो ब्राझील.

ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयानं २०१४ साली नवी आहार मार्गदर्शिका काढली. मी आजवर वाचलेल्या सगळ्या सरकारी आहारपुस्तकांत मला ती सर्वांत माणुसकीची वाटते. तिच्यामागे साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो आणि त्यांचे सहकारी होते. मोंतेइरो कित्येक वर्षं लोकांच्या घरखर्चाच्या पाहण्या अभ्यासत होते. त्यांना एक कोडं पडलं होतं. घरी आणल्या जाणाऱ्या साखरेचं आणि तेलाचं प्रमाण घटत होतं, तरी लठ्ठपणा वाढत होता. साखर-तेल गेलं कुठे, तर घरच्या डब्यातून कारखान्याच्या पुड्यात आणि बाटलीत. त्यातून २००९ साली त्यांनी 'नोव्हा' ही वर्गवारी मांडली. अन्नाकडे प्रथिनं-स्निग्धांच्या चष्म्यातून न पाहता त्यावर काय आणि कशासाठी प्रक्रिया केली, हे पाहायचं. पहिला गट जसंच्या तसं किंवा नुसतं निवडलेलं, दळलेलं, वाळवलेलं अन्न. दुसरा स्वयंपाकात घालायचे जिन्नस, म्हणजे तेल, मीठ, साखर. तिसरा या दोहोंतून बनवलेले पाव, चीज, खारवलेले पदार्थ. आणि चौथा अतिप्रक्रियायुक्त : घरच्या स्वयंपाकघरात कधीच नसणाऱ्या द्रव्यांपासून कारखान्यात घडवलेला माल.

या मार्गदर्शिकेचा सोनेरी नियम एका वाक्याचा आहे. त्याचा भाव असा : ताजं, साधं अन्न आणि घरी रांधलेलं जेवण नेहमी पसंत करा, कारखान्यातल्या अतिप्रक्रियायुक्त मालाला मागे ठेवा. शाश्वततेची गोष्ट पहिल्याच प्रकरणातल्या पाच तत्त्वांत येते. चांगला आहार समाजाला आणि निसर्गाला धरून असलेल्या अन्नव्यवस्थेतूनच येतो, असं तिथे म्हटलं आहे. पण पुढे त्या शब्दाचा पाठपुरावा नाही. पुढे फोटो आहेत. ब्राझीलच्या वेगवेगळ्या भागांतल्या न्याहारीचे, दुपारच्या जेवणाचे, रात्रीच्या जेवणाचे फोटो. भात आणि राजम्याच्या जातीचा घेवडा, बाजूला पालेभाजी, कधी मासा, कधी कसाव्याचं पीठ. ही ताटं तज्ज्ञांनी टेबलावर बसून रचलेली नव्हती. देशव्यापी आहारपाहणीत अतिप्रक्रियायुक्त माल सर्वांत कमी खाणारा जो पाचवा हिस्सा निघाला, ती माणसं प्रत्यक्षात काय जेवतात, ते पाहून ही ताटं घेतली. सरकारनं आपल्याच लोकांमधली चांगली जेवणारी माणसं शोधली आणि बाकीच्यांना सांगितलं, हे बघा, हे तुमच्याच शेजारचे आहेत.

त्या पुस्तकात एकाही पदार्थाचं वजन दिलेलं नाही. उलट सावकाश खा, शक्यतो सोबतीनं खा, स्वयंपाकाचं ओझं एकट्या बाईवर टाकू नका, पुरुषांनी आणि मुलांनी हात लावा, हे सांगितलं आहे. शेवटच्या प्रकरणात सल्ला पाळताना येणाऱ्या अडचणी नावानिशी मांडल्या आहेत : चुकीची माहिती, जवळ चांगला बाजार नसणं, पैसा, रांधता न येणं, वेळ नसणं, जाहिराती. माणसाच्या अडचणी मान्य करणारा सल्लाच माणूस ऐकतो. आणि ब्राझील नुसता सल्ला देऊन थांबला नव्हता. २००९ च्या कायद्यानं शाळांच्या जेवणासाठी मिळणाऱ्या केंद्राच्या पैशातला किमान ३० टक्के वाटा छोट्या शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यासाठी राखून ठेवला होता. मुलाला मार्गदर्शिकेतलं ताट शाळेतच भेटत होतं. २०२० साली कृषी मंत्रालयानं नोव्हा वर्गवारीवर आक्षेप घेऊन मार्गदर्शिका बदलण्याचा आग्रह धरला, तेव्हा देशातले आणि बाहेरचे शास्त्रज्ञ तिच्या पाठीशी उभे राहिले. मार्गदर्शिका आहे तशीच राहिली.

अमेरिकेत मात्र उलट झालं. २०१५ साली सरकारच्याच तज्ज्ञ समितीनं अहवालात लिहिलं की वनस्पतिजन्य अन्न जास्त आणि प्राणिजन्य कमी असलेला आहार प्रकृतीलाही बरा आणि निसर्गालाही. अहवालावर विक्रमी संख्येनं, सुमारे २९ हजार, सूचना-हरकती आल्या. त्या ऑक्टोबरमध्ये कृषिमंत्री टॉम विलसॅक आणि आरोग्यमंत्री सिल्व्हिया बर्वेल यांनी जाहीर केलं की शाश्वतता हा आहारसल्ल्याच्या कक्षेतला विषय नाही. गसोबाईंचा प्रश्न त्यांच्याच देशात एकोणतीस वर्षांनी पुन्हा दाराबाहेर राहिला. २०१६ साली अन्न व कृषी संघटना आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मोजलं, तर अधिकृत आहारसल्ला असलेल्या ८३ देशांपैकी फक्त चार देशांच्या सल्ल्यात शाश्वतता होती : ब्राझील, स्वीडन, जर्मनी आणि कतार. बहुतेक अन्न बाहेरून आणणाऱ्या वाळवंटी कतारनं हा विचार आपल्या आठ मुख्य सूत्रांत घेतला, याचं मला कौतुक वाटतं.

त्यानंतर वारं बदललं. डेन्मार्कनं २०२१ साली आहारसल्ल्याच्या नावातच आरोग्याबरोबर हवामान घातलं : मांस आठवड्याला ३५० ग्रॅम, आणि रोज १०० ग्रॅम शिजलेली कडधान्यं. आपल्याकडे ही एक वाटी उसळ. डॅनिश घरांत मात्र कडधान्य रोजच्या जेवणात नव्हतंच, त्यामुळे ते भिजवायचं कसं इथपासून शिकवावं लागलं. जर्मनीच्या पोषण संस्थेनं मार्च २०२४ मध्ये मांसाची मर्यादा आठवड्याला ३०० ग्रॅमवर आणली. तिथला दरडोई खप वर्षाला सुमारे ५२ किलो, म्हणजे आठवड्याला किलोभर. एवढी मोठी उडी नुसत्या पत्रकानं घेतली जाणार नाही, हे उघड आहे.

आता आपल्याकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची सुरुवात १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांच्या एका खोलीतल्या प्रयोगशाळेत, बेरीबेरीच्या शोधासाठी झाली. या संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहार मार्गदर्शक तत्त्वांची नवी आवृत्ती काढली. तत्त्वं १७ आहेत. विविध अन्न खा, भाज्या-कडधान्यं भरपूर खा, तेल-मीठ बेतानं, अतिप्रक्रियायुक्त पदार्थ टाळा, वेष्टनावरचं लेबल वाचा. १७ मथळ्यांपैकी एकातही पर्यावरण हा शब्द नाही. तरीसुद्धा माझं मत असं आहे की त्यातलं रोजचं ताट पुष्कळसं शाश्वत आहे. फक्त ते ग्रॅममध्ये लिहिलं आहे, आणि ग्रॅममध्ये आपण जेवत नाही. आपण वाण्याची यादी करतो.

म्हणून मी एके दिवशी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसलो. संस्थेचं २,००० कॅलरींचं ताट असं : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध ३०० मिलिलिटर, तेलबिया आणि सुका मेवा ३५, तेल-तूप २७ ग्रॅम. मांसाहार करणाऱ्याला डाळीचा काही भाग अंडी-मासे-मांसानं भरून काढता येतो. २५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या आमच्याकडे चार भाकरी झाल्या. ८५ ग्रॅम तूरडाळ एका वाटीत मावली, पण शिजल्यावर तिचं घट्ट वरण दोन वाट्यांवर गेलं. निवडलेल्या मेथीची १०० ग्रॅम पानं म्हणजे परातभर ढीग. तेल दोन मोठे चमचे, दिवसभराची फोडणी, परतणं, तळणं सगळं धरून. हे चार प्रौढांच्या घरासाठी तीस दिवसांचं केलं, तेव्हा यादी तयार झाली : धान्य ३० किलो. डाळी-कडधान्यं १० किलो. तेल-तूप सव्वातीन किलो. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळं मिळून ४ किलो. भाजी महिन्याला ४८ किलो.

ही यादी मी पत्नीला वाचून दाखवली. धान्यावर ती काही बोलली नाही. तेलाला म्हणाली, "आपल्याला पाच लागतं." डाळीला थांबली आणि म्हणाली, "दहा? आपण चार आणतो." एका वाक्यात तिनं देशाचं चित्र सांगितलं. त्याच मार्गदर्शिकेत लिहिलं आहे की भारतीयांच्या उष्मांकांपैकी ५० ते ७० टक्के नुसत्या तृणधान्यांतून येतात, ते ४५ टक्क्यांपर्यंतच यायला हवेत. आणि डाळी-मांस-मासे मिळून १४ टक्के यायला हवेत, ते ६ ते ९ टक्केच येतात.

डेन्मार्क-जर्मनीचा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू नाही, तो यामुळे. आपल्याकडे मांस मुळात थोडं. भारतीय आहाराच्या उष्मावायूंचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की आपला मोठा वाटा पशुधनातून आणि भातातून येतो. याचा अर्थ दूध सोडा असा मी तरी काढणार नाही. शाकाहारी घरातल्या लहान मुलाला आणि गरोदर बाईला दुधाइतकं सोपं पोषण दुसरं नाही, आणि आपली कितीतरी जनावरं माणसानं न खाल्लेल्या कडब्यावर जगतात. भाताचा काही भाग मात्र ज्वारी-बाजरी-नाचणीकडे वळवणं आणि डाळ वाढवणं या दोन गोष्टी प्रकृतीच्याही बाजूच्या आहेत आणि जमिनीच्याही.

सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाड्यातली रब्बी ज्वारी पाहा. पावसाळा सरल्यावर काळ्या जमिनीत वापसा आला की पेरायची. बराचसा हंगाम ती मुरलेल्या ओलीवर काढते. कणीस माणसाला, कडबा जनावराला. तुरीचं रोप उपटलं तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून पिकाला देतात. तेवढंच खत कारखान्यात करायचं तर नैसर्गिक वायू लागतो. भाकरी आणि वरण एकत्र खाल्लं, की ज्वारीतली प्रथिनांची उणीव तूर भरून काढते. हे सगळं आपल्या ताटात आधीपासून होतं. त्याला गरिबाचं खाणं म्हणून खाली ठेवलं गेलं, हे फार वाईट झालं.

अडचणीही सांगायला हव्यात, ब्राझीलनं सांगितल्या तशा. तूरडाळीचा भाव किलोला दीडशेच्या पुढे गेलेला आपण पाहिला आहे, त्या भावात दहा किलोची यादी कष्टकरी घराला पेलत नाही. भाकरी थापायला वेळ आणि हात लागतो. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्याचीही तरतूद आहे, पण पिशवीत ते क्वचित येतं. शाळेतल्या जेवणाचं प्रमाण पाहिलं तेव्हा मी चमकलो. पाचवीपर्यंतच्या मुलाला १०० ग्रॅम धान्याबरोबर २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० बरोबर ३०. म्हणजे पाचास एक. मार्गदर्शिकेचं ताट सांगतं साधारण तीनास एक. शाळेचं जेवण दिवसातलं एकच, हे खरं. पण लाखो मुलांना 'खिचडी' या शब्दातलं प्रमाण तिथेच कळतं आणि आयुष्यभर तेच डोळ्यांत राहतं.

बार्शीच्या त्या सभेला मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा फळ्यावर कोणताच मोठा शब्द लिहिला नाही. ३० किलो, १० किलो, सव्वातीन किलो, एवढंच लिहिलं. सभा दोन तास चालली. डाळ महाग तर मटकी-हुलगे चालतील का, तूर शेतातली ठेवली तर किती ठेवावी, शाळेत सांडग्याची आमटी का देत नाहीत, असे प्रश्न आले. शेवटचा आजींचा होता : "हे सरकारनं आधी का नाही सांगितलं?"

सरकारनं सांगितलं होतं, तीनदा. आपल्या मार्गदर्शिकेच्या आवृत्त्या १९९८, २०११ आणि २०२४ साली निघाल्या, दर वेळी तेरा वर्षांच्या अंतरानं. पुढच्या आवृत्तीत कोकणाची पेज आणि कुळथाचं पिठलं, खानदेशातली कळण्याची भाकरी, विदर्भातलं वरण, देशावरची ज्वारी-तूर या ताटांचे फोटो असावेत आणि वजनं घराच्या यादीत लिहिलेली असावीत, असं मला वाटतं. तुम्हालाही वाटत असेल, तर राष्ट्रीय पोषण संस्थेला तसं पत्र लिहा. तोवर या महिन्याच्या यादीत डाळ किती किलो लिहिता, ते एकदा मोजून पाहा.